मावशीच्या जागी दुसरी

मावशी गेली ती भर उन्हाळ्यात, कामाच्या ऐन गर्दीत, आणि तेसुद्धा मागं रिकामा ट्रेलर असताना. ओझ्याखाली गेली असती तर अप्पाला एवढं लागलं नसतं. रिकाम्या ट्रेलरनं जीव जावा याचाच त्याला अपमान वाटला. इंजिनातून आधी एक ठोका आला, मग दुसरा, मग काळ्या तेलाचा ओघळ रस्त्यावर उतरला आणि मावशी जी उभी राहिली ती राहिलीच. एका ट्रॅक्टरनं तिला दोर लावून घरापर्यंत आणलं. जन्मभर दुसऱ्याला ओढणाऱ्या गाडीला कुणी ओढत नेताना बघायला नको, म्हणून अप्पा रस्ता सोडून शेतातनं पायी घरी आला.

मावशी म्हणजे अप्पाचा ट्रक. नाव पोरींनी ठेवलेलं. अप्पा फेरीवर निघाला की बायकोही सोबत असायची, मग पोरी कुणाकडं ठेवणार? दोघी केबिनमध्येच जेवायच्या, झोपायच्या, भांडायच्या. दिवसभर कुठं होतात गं, असं शेजारणीनं विचारलं की एका सुरात सांगायच्या, मावशीकडं. धाकटी लग्न होऊन लांब गेली. थोरली राहिली, आणि अप्पाच्या डाव्या गुडघ्यानं क्लच दाबायला साफ नकार दिल्यापासून मावशीचं स्टेअरिंग तिच्याच हातात होतं. अप्पा शेजारी बसायचा आणि बसल्या जागेवरून गाडी चालवायचा, म्हणजे तोंडानं.

धंदा एकच. ट्रेलरवर बुलडोझर चढवायचा आणि गावोगाव न्यायचा. उन्हाळ्यात तळी आटली की गाळ काढायचं काम निघतं, शेतं सपाट करून घ्यायची घाई होते. डोझर ऑपरेटरचा स्वतःचा, ट्रक आणि ट्रेलर अप्पाचा. इतकी वर्षं दोघांनी मिळून काम केलं आणि त्यांच्यात कधी वाकडं आलं नाही. वाकडी होती ती फक्त ऑपरेटरची मान. ती कायमची डाव्या खांद्याकडं वळलेली असायची. समोरच्याशी बोलताना तो पाठमोरा होतोय की काय असं नव्या माणसाला वाटायचं. पोरं त्याला मानवाकड्या म्हणायची, आणि तोही हाक आली की ओ द्यायचा.

मावशीला जाऊन आठवडा झाल्यावर ऑपरेटर ओट्यावर येऊन बसला.

"अप्पा, तीन गावांनी मला बोलावलंय," तो म्हणाला. "तळ्याचं काम पावसाआधी व्हायला पाहिजे. या महिन्यापुरता मी थांबतो. पुढं मला दुसऱ्याचा ट्रेलर बघावा लागेल. राग मानू नका."

"राग कसला," अप्पा म्हणाला, आणि त्याला भयंकर राग आला.

थोरलीनं तेव्हाच सांगून टाकलं. शहरातल्या एका मालवाहतूक कंपनीनं तिला ड्रायव्हर म्हणून बोलावलं होतं. मोठ्या गाड्या, लांबचे रस्ते, राहायला खोली. गाडी मिळाली तर ती इथंच राहणार होती, नाही मिळाली तर जाणार होती. ती आवाज न चढवता बोलली. आवाज चढवला असता तर अप्पाला भांडता आलं असतं. आता त्याला एवढंच कळलं, की महिनाभरात मावशीच्या जागी दुसरी गाडी उभी राहिली नाही तर ट्रेलर गंजत पडेल आणि पोरगी जाईल. पैशाची सोय बँकेनं केलेली होती, म्हणजे तिकडं बोट दाखवून रडायलाही जागा नव्हती.

जुन्या गाड्यांचं आवार मोठ्या रस्त्याला लागून होतं. मालकाला सगळे चष्मेवाला म्हणत, कारण त्याच्याकडं दोन चष्मे असायचे, एक नाकावर आणि एक कपाळावर, आणि जो हवा तो नेमका दुसऱ्या जागी असायचा. त्यानं अप्पाला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "कसली बघायची? माल वाहायची?"

"वाहायची नाही, ओढायची," अप्पा म्हणाला.

"एकच की हो."

झालं. अप्पाला हेच हवं होतं. त्यानं चहा बाजूला ठेवला. "एकच कसं? पाठीवर माल घेऊन पळणाऱ्या गाड्या ढिगानं मिळतील. मागून कुणीतरी कमरेला धरून ओढतंय आणि तरी चढायचं, उतारावर तोच मागून ढकलतोय आणि तरी थांबायचं, याला गाडी निराळी लागते. इंजिन मी शेवटी बघतो. आधी ब्रेक. मग गिअर. मग पाठ. पाठ म्हणजे चासी, खालचा लोखंडी सांगाडा, आणि त्याचा भार झेलणारे पाटे. रंग दाखवू नका मला, रंग मी घरी पण लावू शकतो."

थोरलीनं मान दुसरीकडं वळवून हसू दाबलं. हे भाषण तिला पाठ होतं.

अप्पा गाड्यांच्या रांगेतून फिरला. प्रत्येक गाडीला आधी एक प्रदक्षिणा, हात मागं बांधून. मग गुडघ्याला शिव्या देत खाली बसणं, मग आडवं होऊन अंगाखाली शिरणं. पाट्यांच्या पानांमध्ये तो बोट घालायचा आणि गंज नखानं खरवडायचा. तेलाची पट्टी काढून वास घ्यायचा, दोन बोटांत तेल चोळायचा. एका गाडीच्या चासीवर त्यानं कान ठेवून हातोडीनं ठोकलं. चष्मेवाल्यानं दोन्ही चष्मे लावून ते बघितलं.

शेवटी एक लाल गाडी निघाली. आखूड, रुंद, इंजिन असं की रेस दिली की अंगावर काटा यावा. चष्मेवाला मनाचा मोठा, म्हणाला, "दोन दिवस घेऊन जा. ट्रेलर लावून बघा. पटली तर ठेवा."

घरासमोरच्या मैदानात डोझर चढवायचा कार्यक्रम झाला. हा कार्यक्रम म्हणजे एक ठरलेली पूजाच होती. ट्रेलरच्या शेपटाकडं दोन जाड लोखंडी फळ्या उतरत्या टाकायच्या. चाकं सरकू नयेत म्हणून पुढून-मागून दगडाच्या उट्या. माई, म्हणजे अप्पाची बायको, ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी, ट्रकला जोडणाऱ्या दांड्याजवळ उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करणार. ऑपरेटर डोझर वळवणार, पाठ ट्रेलरकडं करणार, डाव्या खांद्यावरून मागं बघत उलटा उलटा वर चढवणार. इंजिन आणि ते भलंथोरलं पातं शेपटाकडं. मग साखळ्या. हे सगळं कुणी कुणाला सांगत नसे. माई बोटं हलवायची, ऑपरेटर मान वळवून बघायचा, आणि ते अजस्र धूड गुमान येऊन बसायचं.

लाल गाडी निघाली झोकात. मैदान ओलांडलं, वस्ती ओलांडली, सरळ रस्ता लागला. थोरलीनं जरा वेग घेतला आणि मागून धक्का आला. डावीकडं. मग उजवीकडं. मग परत डावीकडं, आधीपेक्षा मोठा. कुणीतरी मागचं टोक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतंय असं वाटायला लागलं. समोरून येणारा सायकलवाला सायकलसकट शेतात उतरला. थोरलीनं पाय उचलला, स्टेअरिंग घट्ट धरलं आणि काही न करता तशीच बसली. हळूहळू हलणं थांबलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"कंबर नाही हिला," अप्पा म्हणाला. "आखूड आहे. नुसता आवाज."

"आखूड आहे खरी," थोरली म्हणाली.

इथवर बापलेकीचं एकमत होतं. लाल गाडी परत गेली.

दुसरी गाडी निळी. ही लांब होती, जड होती, मागं दुहेरी चाकं, पाटे जाडजूड. गिअर इतके खालचे की पहिल्या गिअरमध्ये म्हातारा माणूस शेजारून चालत जाईल. अप्पानं अंगाखालून बाहेर येताना चक्क शीळ घातली. ब्रेक त्यानं स्वतः उघडून बघितले. चष्मेवाल्यानं विचारलं, "काय, पटली?" तर म्हणाला, "वाईट नाही." अप्पाच्या तोंडून "वाईट नाही" म्हणजे दुसऱ्यानं पेढे वाटावेत असं.

परत फळ्या, परत उट्या, परत माईची बोटं, परत उलटा डोझर. निळी गाडी सरळ रस्त्याला लागली आणि मागचं टोक परत हलायला लागलं. लाल गाडीइतकं नाही, पण हललं. अप्पाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तरी तो म्हणाला, चल, चढ बघू.

मावशी चढाला कधी गेली नव्हती. म्हणजे ओझं घेऊन. मावशीला घेऊन अप्पा नेहमी कालव्याकडच्या लांबच्या रस्त्यानं जायचा, वळसा पडायचा, पण रस्ता सपाट. विचारलं तर सांगायचा, घाई कुणाला आहे. पण नव्या गाडीकडं त्याला चढ मागायचा होता.

चढाच्या मध्यावर निळीची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. नुसती फिरली. खडी उडाली, रबराचा वास सुटला, गाडी पुढं जाईना. थोरलीनं ब्रेक दाबून धरला. माई आणि ऑपरेटर मागून मोटारसायकलवर येत होते, ते उतरून दगड शोधायला पळाले. माईनं पदर खोचला आणि पोटाशी दगड धरून आणून चाकाला लावला. समोरून एक बस येऊन थांबली. बसमधले लोक खाली उतरले आणि हात कमरेवर ठेवून बघायला लागले. एकानं सल्ला दिला, दुसऱ्यानं दुसरा दिला. एक बाई माईला म्हणाली, "या वयात कशाला करता हो हे?" माईनं ऐकलं नाही असं दाखवलं. हात हात मागं सरकत, दगड काढत, दगड लावत, गाडी उताराच्या तळाशी आणली तेव्हा अप्पाचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि बसवाले टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या अप्पाला फार लागल्या.

"नावाला दुहेरी चाकं," तो म्हणाला. "रस्ता धरत नाही. मावशी कशी जमिनीला चिकटून जायची."



गाडी परत करायला गेले तेव्हा आवारात चारपाच ड्रायव्हर चहा पीत बसले होते. सगळे अप्पाला ओळखणारे, त्यातल्या दोघांना तर अप्पानंच गाडी शिकवलेली. चष्मेवाल्यानं किल्ली घेतली, चष्मा कपाळावर सरकवला.

"तिसरी कुठली दाखवता?" अप्पानं विचारलं.

"तिसरी नाही दाखवत," चष्मेवाला म्हणाला. तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. "अप्पा, तुम्हाला गाडी घ्यायची नाहीये. तुम्हाला गाड्यांना नावं ठेवायचीत. ही निळी मी तुमच्यासाठी धुऊन पुसून ठेवली होती. हिनं याआधी तुमच्या डोझरच्या दीडपट ओझं ओढलंय, मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्याकडं आली की चळते, हे कसं?"

एक ड्रायव्हर चहाच्या कपात बघून हसला. अप्पाचे कान तापले.  तो वळून चालायला लागला आणि घाईत गुडघा असा लचकला की थोरलीला त्याचा दंड धरावा लागला. शिकवलेल्या पोरांसमोर लेकीनं धरून न्यायचं, एवढंच राहिलं होतं.

 घरी आल्यावर दारात चपला काढताना थोरली म्हणाली, "अप्पा, दोन गाड्या वाईट निघतील. पण एकसारख्या वाईट कशा निघतील?"

"हल्लीच्या गाड्याच तशा आहेत."

"मी सोमवारी कळवते मग कंपनीला," ती म्हणाली, आणि आत जाऊन कपाटावरची बॅग खाली काढून झटकायला लागली.

अप्पा अंगणात मावशीजवळ जाऊन बसला. दुपारचं ऊन होतं. मावशीचं नाक उघडं, इंजिन काढून बाजूला फळीवर ठेवलेलं, पत्रा चटके देत होता. केबिनच्या दाराला आतून थोरलीनं लहानपणी खिळ्यानं कोरलेली मांजर अजून होती, मांजरीला पाच पाय. त्याला वाटलं, ते दिवसच चांगले होते. पहाटे निघायचं, काचेवर दव, पोरी पायाशी गोधडीत, माई थर्मासमधून चहा ओतायची आणि गाडी हलली म्हणून अप्पाच्या मांडीवर सांडायची आणि उलट त्यालाच ओरडायची. मावशीचा वेग असा की रस्त्याकडेचं प्रत्येक झाड ओळखीचं झालं होतं. लोक पुढं जायचे, हॉर्न मारायचे, मारू देत. पुढं जाऊन तरी काय मिळवलं त्यांनी? त्याला खरंच रडू येत होतं, आणि ऑपरेटर येताना दिसला म्हणून त्यानं ते खोकल्यात घालवलं.

ऑपरेटर विचारायलाच आला होता, गाडीचं काय झालं. माई त्याच्यासाठी चहा घेऊन आली आणि मावशीच्या पायरीवर टेकली. दगड उचलून तिचे खांदे भरून आले होते, ती एका हातानं दुसरा खांदा दाबत होती.

"काय बघतेस?" अप्पा म्हणाला. ती ऑपरेटरकडं एकटक बघत होती.

"ह्यांच्याकडं बघतेय. डोझर चढवायचा म्हटलं की समोर यांचं तोंड. किती वर्षं झाली देव जाणे, वर यांचं तोंड आणि खाली मी." ती हसली. "लग्न होऊन आले तेव्हा बरं होतं. तेव्हा हे दिसायचेच नाहीत. नुसतं पातं दिसायचं."

"काय पातं?"

"पातं हो. डोझरचं. सरळ अंगावर यायचं माझ्या. यांना मी दिसायचे नाही, मला हे दिसायचे नाहीत. पात्याच्या वर हात करून खुणा करायचे मी. पहिल्या दिवशी जीव जातो की काय वाटलं होतं, आणि तुम्ही मागं उभे राहून हसत होतात. विसरलात?"

अप्पा विसरला होता. अगदी धुऊन पुसून विसरला होता. आता एकदम आठवलं, सगळं एका दमात. डोझर तेव्हा सरळ चढायचा. पातं ट्रकच्या बाजूला, वजन पुढं. मग एका वर्षी ओढ्याच्या खड्ड्यात मावशी आदळली आणि तिची पाठ मागून तडकली. दुरुस्तीला न्यायला सवड नव्हती, कामं पडलेली. त्यानं जागच्या जागी पट्टी वेल्ड करून घेतली आणि ऑपरेटरला म्हणाला, चार दिवस उलटा चढव, म्हणजे हिच्या पाठीवर भार यायचा नाही, सगळं वजन ट्रेलरच्या शेपटावर राहील. चार दिवसांपुरतं.

तो उठला. गुडघ्याचं भान न ठेवता आडवा झाला आणि मावशीच्या अंगाखाली शिरला. ट्रेलर अडकवायच्या मागच्या आकड्याजवळ चिखल आणि ग्रीसचा थर होता. त्यानं नखानं, मग दगडानं तो खरवडला. पट्टी तिथंच होती. वेल्डिंगची रांग वाकडीतिकडी, घाईत केलेली. पट्टीखालची चीर आता हातभर झाली होती.

तो तसाच खाली पडून राहिला. अंगणातल्या दोघांचे पाय त्याला दिसत होते. मावशी जमिनीला चिकटून जायची, असं तो सांगत आला होता. ती जायची कारण तो तिला कधी पळू देत नव्हता. पळवली की मागचं टोक हलतं हे त्याच्या हातांना ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. चढ त्यानं टाळला, वळसे घेतले, त्याला सबुरी असं नाव दिलं. सगळ्यांनी मिळून एका लंगड्या गाडीला सांभाळून नेलं होतं आणि तो त्या गाडीचा मोठेपणा गात बसला होता. ऑपरेटरची मान तर जन्मभराची वळली.

त्याला एक क्षण वाटलं, बोलूच नये. कुणाला काय कळणार आहे? माई सहज बोलून गेली, तिला त्यातलं काही ठाऊक नाही. गप्प बसलं तर मावशी होती तशी राहील, सगळ्यांत भारी. आणि थोरली सोमवारी जाईल. हे दुसरं मनात आल्यावर तो घाईघाईनं बाहेर यायला लागला आणि कपाळ दांड्यावर आपटलं.

"थोरले," त्यानं हाक मारली. "इकडं ये जरा. बॅग राहू दे."

तिला सांगताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. मावशीच्या चाकाकडं बघत सांगितलं. वजन शेपटाकडं, म्हणून दांडा वर उचलला जातो. दांडा वर गेला की ट्रकची मागची चाकं हलकी होतात, मग चढावर नुसती फिरतात. आणि शेपूट जड म्हणून सरळ रस्त्यावर ट्रेलर हलतो. गाड्यांचा दोष नाही.

थोरलीनं त्याच्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं. "म्हणजे लाल पण चांगली होती?"

"लाल आखूडच होती," अप्पा फटकन म्हणाला. तेवढं तरी त्याला सोडवेना.

ऑपरेटर मात्र चहाचा कप हातात धरून तसाच बसला होता. "चार दिवस म्हणाला होतात तुम्ही," तो म्हणाला. "आता आठवलं. मी नंतर एकदा विचारणार होतो. मग सवयच लागली." त्यानं मान उजवीकडं वळवून बघितली. ती अर्ध्यावर अडकली. "जाऊ दे. आता या मानेला सरळ बघायला लावलं तर मला चक्कर येईल."

त्याच्या त्या बोलण्यावर माई इतकी हसली की तिला खांदा धरून बसावं लागलं. अप्पाला हसू आलं नाही. तो म्हणाला, "चुकलंच माझं." ऑपरेटरनं हात हलवला, जणू माशी उडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा एकटा आवारात गेला. तेच ड्रायव्हर, तोच चहा. तो बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "निळी परत एकदा न्यायची आहे. आम्हीच ओझं चुकीचं चढवत होतो. गाडी बरोबर आहे."

 चष्मेवाल्यानं नाकावरचा चष्मा काढला, कपाळावरचा खाली घेतला, आणि अप्पाकडं नीट बघितलं. मग काही न विचारता किल्ली दिली आणि म्हणाला, "चहा घ्या आधी." अप्पानं घेतला. तो गार झालेला होता, तरी पुरता प्यायला.

मैदानात फळ्या टाकल्या. माई दांड्याजवळ उभी राहिली. ऑपरेटर डोझरवर बसला, आणि सवयीनं डोझर वळवून पाठ करायला लागला. सगळे एकदम ओरडले. त्यानं परत वळवला. मग सरळ चढायचं म्हटल्यावर त्याला बघायचं कुठं ते कळेना. मान आपोआप मागं जायची आणि डोझर फळीवरून खाली घसरायला बघायचा. शेवटी माईनं डोझरजवळ येऊन त्याला सांगितलं, "तुम्ही कुठंही बघा हो. माझ्या हाताकडं तेवढं लक्ष ठेवा." मग परत जागेवर जाऊन तिनं दोन्ही हात डोक्यावर उंच धरले. पातं वर उचललं गेलं आणि फळ्या करकरवत ते तिच्याकडं यायला लागलं. अप्पा मागं उभा होता. पात्याआड माई दिसेनाशी झाली, नुसती वर तिची बोटं दिसत होती, म्हातारी, गाठी आलेली, जरा जरा बोलावणारी. लग्नानंतरच्या त्या दिवशी त्यानं हीच बोटं बघितली होती, बांगड्यांनी भरलेल्या हातांची.  पातं थांबलं तेव्हा माईपासून हातभर लांब होतं.

"आता यांचं तोंड नाही दिसलं," ती पलीकडून म्हणाली. "बरं वाटलं."

निळीचे मागचे पाटे दोन बोटं दबले होते. अप्पानं हात फिरवून बघितलं. भार बसला होता, पाठ धरून होती.

ऑपरेटर मोटारसायकलवर पुढं तळ्याच्या कामावर गेला; माई केबिनमध्ये खिडकीपाशी बसली, अप्पा मधे. सरळ रस्ता लागला. थोरलीनं वेग घेतला. अप्पा डोळे मिटून मागच्या धक्क्याची वाट बघत राहिला. धक्का आला नाही. त्यानं डोळे उघडले तर झाडं मागं पळत होती, त्याला एकही ओळखता येईना. चढावर थोरलीनं गिअर खाली घेतला आणि निळी एका सुरात, कुरकुर न करता, चढून गेली. उतारावर तिनं ब्रेकला पाय न लावता इंजिनावर गाडी धरली. हे अप्पानं तिला शिकवलं नव्हतं, मावशीवर ते शिकवायची वेळच आली नव्हती. कुठून शिकली कुणास ठाऊक.

उतार संपल्यावर रस्त्यावर विजेची तार लोंबत होती. पातं वर म्हणून ओझं उंच झालेलं. गाडी थांबवून कुणीतरी उतरून काठीनं तार वर धरायची. हे काम नेहमी माईचं. पण तिचे खांदे दुखत होते, म्हणून अप्पा उतरला. त्यानं सुकी लाकडी काठी लावून तार उचलून धरली. थोरलीनं गाडी सावकाश पुढं घेतली. आधी केबिन गेली, मग दांडा, मग डोझर, मग ट्रेलरचं शेपूट, आणि गाडी पुढच्या मोकळ्या रस्त्यावर निघाली. अप्पा काठी धरून उभा राहिला. आपला ट्रेलर रस्त्यानं जाताना मागून कसा दिसतो हे त्यानं कधीच बघितलं नव्हतं. तो नेहमी आत असायचा. ट्रेलर सरळ जात होता, चाकामागं चाक. आणि आत अप्पा नव्हता, तरी जात होता.

बऱ्याच पुढं जाऊन गाडी बाजूला थांबली. अप्पा लंगडत तिथवर पोचला तेव्हा थोरली खाली उतरून चाकांना हात लावून बघत होती, गरम झालीत का ते.

"काय मग अप्पा," ती म्हणाली. "घ्यायची?"

अप्पानं तोंड उघडलं. ब्रेक, गिअर, पाठ, सगळं बोलायचं तयार होतं. मग तो म्हणाला, "मला काय विचारतेस? चालवायची तुला आहे. तू सांग."

थोरली जरा गोंधळली. हा प्रश्न तिला घरात कुणी विचारला नव्हता. तिनं हात फडक्याला पुसले. "गाडी चांगली आहे," ती म्हणाली. "फक्त सीट लांब पडते. क्लच पूर्ण दाबायचा तर मला पुढं घसरावं लागतं. लालमध्येही तसंच होत होतं."

"मग मावशीत?"

"मावशीत पण."

"इतकी वर्षं?"

"टोकावर बसायची सवय झाली," ती म्हणाली. "पाठ दुखते जरा."

 रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या अंगाखाली अप्पा शिरला होता, पाट्यांत बोटं घातली होती, तेलाचा वास घेतला होता, आणि जिच्यासाठी गाडी बघत होता तिचा पाय कुठवर पोचतो हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. त्याला फार लाज वाटली.

"माई, तो पान्याचा डबा दे खाली," तो म्हणाला.

"रस्त्यातच?" थोरली म्हणाली. "अप्पा, तळ्यावर लोक वाट बघतायत."

"बघू देत."

तो पायरीवर गुडघा टेकवून केबिनमध्ये ओणवा झाला आणि सीटचे बोल्ट सोडवायला लागला. ते गंजून घट्ट बसले होते. ते सुटल्यावर त्यानं थोरलीला वर बसवलं आणि क्लच दाबायला सांगितला, आणि तिची टाच पुरती टेकेपर्यंत सीट पुढं सरकवत राहिला.